रेंज फुल, पेज गुल!

रात्रीचे साडेअकरा. फॉर्मची शेवटची तारीख आजचीच. स्क्रीनवर ते गोल चक्र फिरतंय आणि इकडे पोटात गोळा आलाय. ओळखीचं वाटतंय ना?

गेल्या वर्षी अशाच एका रात्री माझ्या आतेबहिणीचा गावाहून फोन आला. ''ताई, शिष्यवृत्तीचं पेजच उघडत नाहीये गं. गच्चीवर उभी आहे, दोन कांड्या रेंज आहे.'' मी पुण्यात, पीजीमध्ये, 100 एमबीपीएसच्या वायफायवर आरामात लोळत होते. ''तुझं नेट गंडलंय. थांब, मी भरते,'' असं मी मोठ्या ऐटीत सांगितलं. होमपेज उघडलं, पण लॉगिनला तेच चक्र! बरोबर बारा वाजून दोन मिनिटांनी पेज आलं. त्यावर लिहिलं होतं, मुदत संपली आहे.

शिष्यवृत्ती गेली. आत्याने भिशी आधी उचलून फी भरली. माझ्या डोक्यात मात्र एकच किडा वळवळत राहिला. नेट नक्की गंडलं होतं कोणाचं?

बिट आणि बाइटचा घोळ

पहिली गोष्ट आपल्या प्लॅनची. 100 एमबीपीएस म्हणजे सेकंदाला 100 मेगाबिट्स, मेगाबाइट्स नव्हे. एका बाइटमध्ये आठ बिट. करा भागाकार! सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा एमबी. त्यामुळे डाउनलोडला 12 एमबी दिसलं म्हणून कंपनीला शिव्या घालू नका, हिशोब बरोबर आहे. त्यात वायफाय सगळ्यांत वाटलं जातं. शेजारच्या खोलीत तिघी वेब सिरीज बघत असतील तर तुमच्या वाट्याला उरलंसुरलंच येणार. राउटरवर दोन नावं दिसत असतील तर लक्षात ठेवा, 5 गिगाहर्ट्झचं वेगवान असतं पण भिंतींपुढे लवकर हात टेकतं. 2.4 वालं हळू, पण लांबपर्यंत पोचतं.

दुसरी गोष्ट, वेग म्हणजे सगळं काही नाही. कॅन्टीनमधल्या वाढप्याचा ट्रे कितीही मोठा असो, किचन तिसऱ्या मजल्यावर असेल तर चहा उशिराच येणार. आणि त्याने आधी चहा, मग साखर, मग चमचा अशा पाच फेऱ्या मारल्या तर बघायलाच नको. नेटवर या फेरीच्या वेळेला लेटन्सी म्हणतात. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर जातो. मुंबईतून वर्सोव्याच्या किनाऱ्यावरच्या समुद्री केबलने अमेरिकेतल्या सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायचं तर सेकंदाचा आठवा भाग नुसत्या प्रवासातच जातो. एका पेजसाठी अशा अनेक फेऱ्या होतात. स्पीड टेस्ट बहुतेक वेळा जवळच्या सर्व्हरशी होते. ती आपल्या गल्लीतला रस्ता मोजते. पलीकडच्या खिडकीवर किती लांब रांग लागली आहे, हे तिला कुठून कळणार? त्या रात्री माझं झालं होतं ते हेच. माझा रस्ता मोकळा होता, पण खिडकीवर झुंबड होती.

दोनशे केबीचा फोटो, सात एमबीचं पेज

मग बहिणीचं काय? दुसऱ्या दिवशी मी लॅपटॉपवर तेच पेज उघडलं, ब्राउझरमध्ये एफ-12 दाबलं आणि नेटवर्कच्या टॅबमध्ये बघितलं. होमपेजचं वजन सात एमबीच्या वर! त्यात होतं काय? सत्कार समारंभाचे मोठमोठे फोटो, एकामागून एक सरकणारे. गंमत बघा, हेच पेज तिला सांगत होतं की तुझा फोटो 200 केबीच्या आत बसव.

सात एमबी म्हणजे 56 मेगाबिट. 100 एमबीपीएसला अर्ध्या सेकंदाचं काम. गच्चीवर 512 केबीपीएस मिळत असेल, तर तेच पेज यायला पावणेदोन मिनिटांच्या वर लागतात. तेही सगळं सुरळीत असेल तर. मध्येच रेंज गेली की पुन्हा पहिल्यापासून.

तुम्ही म्हणाल, हा 512 चा आकडा कुठल्या जमान्यातला? फार जुना नाही हो. 15 ऑगस्ट 1995 ला व्हीएसएनएलने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. पुढे कितीतरी वर्षं घरोघरी 56 केबीपीएसचे मोडेम किरकिरत होते. 2004 मध्ये सरकारने ब्रॉडबँड म्हणजे किमान 256 केबीपीएस असं ठरवलं. 2013 मध्ये ते 512 झालं आणि थेट 2023 मध्ये 2 एमबीपीएस. म्हणजे 2023 पर्यंत कागदोपत्री 512 लाही ब्रॉडबँडच म्हणत होते.

या काळात आपलं नेट वाढलं, फोन वाढले, मग पेजेस हळूच का? पास्कल ही प्रोग्रॅमिंग भाषा बनवणाऱ्या निकलाउस विर्थ यांनी 1995 मध्येच एक लेख लिहून यावर बोट ठेवलं होतं. त्यांचं म्हणणं साधं होतं. मशीन जितक्या झपाट्याने वेगवान होतात, त्याहून जास्त झपाट्याने सॉफ्टवेअर जड होतं. आज याला विर्थचा नियम म्हणतात. कारण आपल्याच घरात आहे. मोठं कपाट आणलं की आवरणं बंद! 1993 मध्ये डूम नावाचा गेम आला. त्याची फुकट वाटली जाणारी फाइल अडीच एमबीच्या आतली होती. त्यात राक्षस, बंदुका, सगळं आलं. आणि आपल्याला एक नोटीस दाखवायला सात एमबी लागतात.

स्लो नेटमधून निघालेला व्हीएलसी

पण स्लो नेटवर नुसतं कुरकुरण्यापलीकडेही काही करता येतं. तुमच्या लॅपटॉपवरचा तो नारिंगी शंकू आठवा, व्हीएलसी प्लेअर. त्याची गोष्ट पॅरिसजवळच्या एकोल सेंत्राल कॉलेजमधली. 1996 च्या सुमाराला तिथल्या पोरांना होस्टेलचं नेटवर्क फारच हळू वाटत होतं. नवीन नेटवर्क पाहिजे, तर त्याला सांगण्यासारखं कारणही पाहिजे! मग सॅटेलाइटवरून येणारा टीव्ही कॅम्पसच्या नेटवर्कवरून सगळ्यांना दाखवायचा प्रोजेक्ट त्यांनी हातात घेतला. त्यातूनच हा प्लेअर निघाला. 2001 मध्ये तो मुक्त परवान्याखाली सगळ्या जगासाठी खुला झाला. कोड कोणीही बघावा, सुधारावा. आजही तो फुकट आहे आणि त्यात जाहिराती नाहीत. जुन्या, रडतखडत चालणाऱ्या मशीनवरही तो चालतो. कॉलेजच्या पोरांनी केलंय हे, मंडळी!

म्हणून इंजिनीअरिंग, बीसीए, बीएस्सी आयटीवाल्यांनो, एक काम कराल? फायनल इयरचा प्रोजेक्ट असो की कॉलेज फेस्टची वेबसाइट, सबमिट करायच्या आधी एफ-12 दाबा. नेटवर्कच्या टॅबमध्ये थ्रॉटलिंग नावाची सोय असते. तिथे स्लो किंवा थ्री-जी निवडा आणि आपलंच पेज उघडून बघा. चहा पिऊन होईपर्यंत उघडलं नाही, तर फोटो बारीक करा आणि तो सरकणारा स्लायडर काढून टाका. फॉर्म असेल तर तो अर्धवट भरलेला सेव्ह राहील असं बघा. परीक्षक कदाचित मार्क देणार नाहीत. पण तुमचं पेज कोणीतरी गच्चीवर उभं राहून उघडत असेल.

आणि बाकीच्यांनी? शेवटच्या रात्रीचा नाद सोडा. हे मी तुम्हाला सांगतेय, म्हणजे स्वतःलाच सांगतेय. हा लेख दिला तेव्हाही डेडलाइनला वीसच मिनिटं उरली होती.

यंदा बहिणीचा फॉर्म आम्ही दुसऱ्याच दिवशी भरला, सकाळी सहाला, खिडकीवर रांग नसताना. पावती आल्यावर तिने विचारलं, ''ताई, मग तेव्हा नेट माझंच गंडलं होतं का गं?''

''नाही,'' मी म्हटलं. ''तुझं नव्हतं.'' हे तिला सांगायला मला एक वर्ष लागलं. लेटन्सी, दुसरं काय!