कसोटी मालिकेसाठीं खेळाडूंची निवड

परदेशीं जाणाऱ्या क्रिकेट-संघाची यादी ज्या दिवशीं जाहीर होते, त्या दिवशीं घरोघरीं निवडसमित्या भरतात. चहाचा पेला हातांत असतांना सोळा नांवें सुचविणें फारसें अवघड नसतें; खरी पंचाईत होते ती सतरावें नांव खोडतांना. ही यादी कोणत्या विचारानें बनते तें आज सांगावयाचें आहे. उदाहरणें दूरचीं न घेतां अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यांतलींच घेतों. साखर-कारखान्यांच्या ह्या जिल्ह्याशीं दोन कसोटीवीरांचीं नांवें जोडलेलीं आहेत: श्रीरामपूरचा झहीर खान आणि संगमनेर तालुक्यांतील आश्वी खुर्द येथें जन्मलेला अजिंक्य रहाणे.

कार्यपद्धति थोडक्यांत अशी. नियामक मंडळ माजी खेळाडूंची समिति नेमतें. देशाच्या पांच विभागांतून एकेक सभासद घेण्याचा प्रघात पुष्कळ वर्षें होता. कर्णधाराचें म्हणणें ऐकून घेतात. पण त्याला मत नसतें. एका मताचें मोल काय असतें तें 1971 सालीं दिसलें. समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट ह्यांनीं आपलें निर्णायक मत पतौडींना न देतां अजित वाडेकरांच्या पारड्यांत टाकलें, आणि त्याच वर्षीं वेस्ट इंडीज व इंग्लंड ह्या दोन्ही देशांत भारतानें मालिका जिंकली. निकाल उलटा लागता तर मर्चंटांना लोकांनीं क्षमा केली नसती, हेंही तितकेंच खरें! समितीनें निवडलेल्या पंधरा-सोळांतून प्रत्येक सामन्याचे अकरा ठरविण्याचें काम मात्र दौऱ्यावरील कर्णधाराचें व प्रशिक्षकाचें.

आतां गुणांकडे वळूं. नुसत्या सरासरीवरून निवड करावयाची तर एक कारकून पुरे. समितीला संघाचा तोल पाहावा लागतो, आणि येथें झहीरचें उदाहरण फार बोलकें आहे. तो डावऱ्या हाताचा जलद गोलंदाज. अशा गोलंदाजाचा चेंडू उजव्या फलंदाजाकडे तिरकस येतो, आणि नेहमींची सवय तेथें उपयोगीं पडत नाहीं. शिवाय चेंडू टाकून पुढें धांवतांना त्याच्या बुटांनीं खेळपट्टीचा जो भाग खरडला जातो, तो त्याच टोकाला पुढें खेळावयास उभ्या राहणाऱ्या उजव्या फलंदाजाच्या ऑफ-यष्टीबाहेर पडतो. समोरून येणाऱ्या ऑफस्पिनरला ती आयतीच खरबरीत जागा मिळते. म्हणजे एकाची निवड केली कीं दुसऱ्याचीही धार वाढते. आकड्यांच्या तक्त्यांत ही गोष्ट कोठेंच दिसत नाहीं.

पण असा मुलगा समितीच्या नजरेस पडावा कसा? तिच्यापुढें जिल्हा नसतो. असतात ते रणजी स्पर्धेचे संघ. झहीर अभियांत्रिकीचें शिक्षण बाजूस सारून मुंबईस गेला, तेथून चेन्नईच्या एम. आर. एफ. संस्थेंत वेगवान गोलंदाजीचे धडे घेऊं लागला, आणि रणजी सामने खेळला ते बडोद्याकडून. नोव्हेंबर 2000 मध्यें ढाका येथें तो पहिला कसोटी सामना खेळला. श्रीरामपूर ते ढाका ही वाट अशी तीन शहरांवरून गेली. रहाणे डोंबिवलींत वाढला व मुंबईकडून खेळला. तेव्हां पहिली निवड घरच्या वडीलधाऱ्यांनींच केलेली असते, आणि ती चुकली तर पुढच्या समितीला त्या मुलाचें नांवही कळत नाहीं. जिल्ह्याच्या गांवीं चांगल्या खेळपट्ट्या व शिक्षक असते, तर किती नांवें यादींत आलीं असतीं, ह्याचा हिशेब कोणी करावा?

एकदां निवडलेला मनुष्य कायमचा निवडला जात नाहीं. झहीर संघाबाहेर गेला. 2006 सालीं इंग्लंडांत वूस्टरशर परगण्याकडून त्यानें 78 बळी घेतले, आणि त्याच वर्षाअखेर दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यांत तो पुन्हां कसोटी संघांत आला. 2007 सालीं ट्रेंट ब्रिजवर त्यानें 9 गडी बाद केले. मालिका भारतानें 1-0 अशी जिंकली. कारकीर्द संपली तेव्हां 92 कसोट्यांत त्याचे 311 बळी झाले होते.

रहाणेच्या वांट्याला आली ती वाट पाहणें. 2011 च्या अखेरीस तो कसोटी संघांत आला आणि सोळा महिने राखीव म्हणून बसून राहिला. मार्च 2013 मध्यें दिल्लीस संधि मिळाली, तेव्हां धांवा झाल्या 7 आणि 1. उतावळ्या समितीनें त्याला तेथेंच निरोप दिला असता. ह्या समितीनें धीर धरला, आणि पुढच्याच वर्षीं वेलिंग्टन व लॉर्ड्स येथें त्यानें शतकें काढलीं.

मालिकेची निवड आणि सामन्याची निवड ह्यांतला भेद कळण्यास 2020-21 चा ऑस्ट्रेलियाचा दौरा पाहावा. डिसेंबरांत ॲडलेड येथें भारताचा डाव 36 धांवांत आटोपला. कर्णधार कोहली घरीं परतला, शमी जायबंदी झाला. मेलबर्न येथें नेतृत्व रहाणेकडे आलें. त्यानें 112 धांवा केल्या व सामना जिंकला. पुढें दुखापती इतक्या वाढल्या कीं, सरावासाठीं ठेवून घेतलेले नटराजन व वॉशिंग्टन सुंदर ब्रिस्बेनला प्रथमच कसोटी खेळले. सुंदरनें पालघरच्या शार्दूल ठाकूरबरोबर 123 धांवांची भागी केली. 19 जानेवारी 2021 रोजीं 328 धांवांचें लक्ष्य गांठून भारतानें मालिका 2-1 अशी जिंकली. यादींतलीं शेवटचीं नांवें केवळ शोभेचीं धरलीं असतीं, तर त्या दिवशीं अकरा माणसें उभीं करणें कठीण गेलें असतें.

ह्याच रहाणेला 2022 च्या आरंभीं, दक्षिण आफ्रिकेच्या मालिकेनंतर, वगळण्यांत आलें. जून 2023 मध्यें ओव्हल येथील जागतिक अंतिम सामन्यासाठीं समितीनें त्याला परत बोलाविलें. त्यानें 89 व 46 धांवा केल्या. त्या वर्षींच्या वेस्ट इंडीज दौऱ्यानंतर तो पुन्हां बाहेर राहिला, आणि मार्च 2024 मध्यें त्याच्या नेतृत्वाखालीं मुंबईनें रणजी करंडक जिंकला.