साध्या तापामागे मेंदूत काय घडतं?

एचआयव्ही म्हटलं की आपल्याला रक्त आठवतं. रक्ताची तपासणी, रक्तातल्या पांढऱ्या पेशी, रक्त घेता-देताना पाळायची काळजी. वर्षानुवर्षं हेच कानांवर पडल्यामुळे हा आजार रक्तापुरताच असतो, असा आपला समज होऊन बसला आहे. डहाणूजवळच्या आमच्या आगर गावात या विषयावर गप्पा चालल्या असताना एका तरुणाने मला विचारलंच, "चाचा, रोग रक्तातला. मग डोक्याला काय होणार?" प्रश्न रास्त होता. मी कविता लिहिणारा, बी.ए. झालेला माणूस, डॉक्टर नव्हे. पण वाचून आणि जाणकारांना विचारून जे समजलं, ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

आपल्या मेंदूला निसर्गाने एक पहारा दिलेला आहे. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती इतर ठिकाणांपेक्षा घट्ट विणीच्या असतात. रक्तातला प्राणवायू आणि साखर आत जाते, पण बहुतेक जंतूंना आणि पुष्कळ औषधांनाही ही भिंत अडवते. आपल्याकडच्या लोकांनी तलासरीजवळ अच्छाडचा तपासणी नाका पाहिलेला असतो. तसाच हा नाका समजा. आता शरीराच्या रक्षणासाठी फिरणाऱ्या काही पांढऱ्या पेशींना या नाक्यावरून ये-जा करण्याची मुभा असते. एचआयव्ही नेमका याच पेशींमध्ये शिरतो आणि त्यांच्या आडोशाने आत पोहोचतो. परवाना असलेल्या गाडीतून चोरटा माल जावा, तसं.

हे किती लवकर घडतं? थायलंडमध्ये बँकॉकला डॉक्टरांनी अगदी नुकत्याच बाधित झालेल्या लोकांचा अभ्यास केला. त्यांच्या कण्यातलं पाणी, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याभोवती असणारा द्रव, तपासला. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात १८ पैकी १५ जणांच्या त्या द्रवात विषाणूचा अंश सापडला. एकाच्या बाबतीत तर लागण होऊन जेमतेम आठ दिवस झाले असावेत, असा अंदाज होता. म्हणजे माणसाला कसलीही शंका येण्याआधीच विषाणू मेंदूच्या दारात पोहोचलेला असतो.

आत गेल्यावर तो काय करतो? विचार करणाऱ्या, हात हलवणाऱ्या, आठवण ठेवणाऱ्या ज्या पेशी, त्यांना चेतापेशी म्हणतात. एचआयव्ही या चेतापेशींमध्ये सहसा शिरत नाही. तो मेंदूतल्या राखणदार पेशींना धरतो. मायक्रोग्लिया हे त्यांचं नाव. बाधित झालेले राखणदार खवळतात आणि दाह निर्माण करणारी रसायनं सोडू लागतात. विषाणूची काही प्रथिनंही त्यात भर घालतात. शेजारच्या घराला आग लागली की आपल्या घरात धूर भरतो. चेतापेशींचं नुकसान या धुरामुळे होतं.

बाहेरून पाहणाऱ्याला मात्र दिसतो तो साधा ताप. लागण झाल्यावर साधारण दोन ते चार आठवड्यांत अनेकांना ताप येतो, घसा दुखतो, अंगावर पुरळ उठतं, सांधे दुखतात. काहींना काहीच होत नाही. पुण्यातल्या गुप्तरोगांच्या दवाखान्यांत १९९३ ते १९९६ या काळात झालेल्या अभ्यासात ३,८७४ लोकांची तपासणी झाली. एचआयव्हीची नेहमीची चाचणी त्यांच्यात 'नाही' असं सांगत होती. तरीही त्यांतल्या ५८ जणांच्या रक्तात विषाणूचं प्रथिन आढळलं. ताप, सांधेदुखी आणि रात्री येणारा घाम या तक्रारी अशा लोकांमध्ये अधिक होत्या. आता सांगा, पावसाळ्यात डहाणू-तलासरीकडे ताप आणि अंगदुखी आली तर मलेरिया, डेंग्यू किंवा साधा फ्लू यापलीकडे कुणाचं लक्ष जाईल? बहुतेक वेळा ते तसंच असतं, म्हणून प्रत्येक तापाला घाबरण्याचं कारण नाही. पण जोखमीचा प्रसंग घडून गेला असेल, तर तो डॉक्टरांना मोकळेपणाने सांगायला हवा. डॉक्टर मनातलं ओळखू शकत नाहीत.

याच दिवसांत चेतासंस्थेच्या खुणाही दिसू शकतात. डोकं सतत दुखतं, उजेड सोसवत नाही, मन एकाग्र होत नाही, हातापायांना मुंग्या येतात. क्वचित चेहऱ्याची एक बाजू लुळी पडते. बँकॉकच्याच डॉक्टरांनी २०१६ साली १३९ नवबाधितांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांतल्या ७३ जणांमध्ये निदानानंतरच्या बारा आठवड्यांत अशी काही ना काही खूण आढळली होती. बहुतेकांची तक्रार सौम्य होती. एकाच रुग्णाला गंभीर स्वरूपाचा त्रास झाला. आणि महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. या रुग्णांना लगेच औषधं सुरू केली होती, आणि महिनाभरात दहापैकी नऊ खुणा नाहीशा झाल्या.

आता मला शब्दांचा माणूस म्हणून विशेष वाटलेली गोष्ट सांगतो. मेंदूवर परिणाम झाला आहे की नाही, हे पाहण्यासाठी एक चाचणी असते. एका मिनिटात जितक्या प्राण्यांची नावं आठवतील तितकी सांगायची. दुसऱ्या चाचणीत शब्द वाचायचा नसतो, तो ज्या रंगात छापला आहे त्या रंगाचं नाव सांगायचं असतं. वाचायला सोपं, करायला अवघड. या चाचण्या इंग्रजीत तयार झालेल्या. मराठी माणसाने त्यांत किती गुण मिळवले म्हणजे ठीक, हे आधी निरोगी मराठी माणसांवरूनच ठरवावं लागतं. पुण्यात असं काम झालं. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मराठी मातृभाषा असलेल्या १७४ जणांना मराठीतून या चाचण्या दिल्या, आणि ज्यांना मराठीबरोबर हिंदीही चांगली येते त्यांची रंग-शब्दाच्या चाचणीतली कामगिरी सरस दिसली. घरात एक बोली, बाजारात दुसरी, शाळेत तिसरी अशा आमच्या किनारपट्टीच्या माणसांना हे वाचून बरं वाटेल. मुद्दा असा की विसरणं, शब्द न सुचणं, काम मंदावणं या गोष्टी मोजता येतात. तो माणसाच्या स्वभावाचा दोष नसतो.

उपचार झालेच नाहीत तर वर्षांमागून वर्षं हा दाह धुमसत राहतो. तळपाय जळजळतात, चाल मंदावते, हिशेब चुकतात, माणूस चिडचिडा किंवा अबोल होतो. घरचे म्हणतात, याला बाधा झाली. कुणी भगताकडे नेतो, कुणी दर्ग्यावर. श्रद्धेचा दिलासा ज्याचा त्याला असू द्यावा, पण तपासणी त्यासाठी थांबू नये. औषधं आल्यापासून या आजारातला गंभीर स्मृतिभ्रंश पुष्कळ कमी झाला आहे. सौम्य तक्रारी मात्र औषधं घेणाऱ्यांतही काहींना जाणवतात, म्हणून त्या डॉक्टरांच्या कानांवर घालाव्यात.

औषधांची भीती अजून अनेकांच्या मनात आहे. तिला कारणही होतं. सुरुवातीच्या काळातल्या स्टॅव्ह्युडिनसारख्या औषधाने काहींच्या पायांच्या नसांना त्रास होत असे. ते औषध आता मागे पडलं. सरकारी केंद्रांतून मोफत औषधं १ एप्रिल २००४ पासून मिळू लागली, पण तेव्हा प्रतिकारशक्ती ठरावीक पातळीखाली जाईपर्यंत थांबावं लागे. २०१७ पासून निदान झालं की लगेच उपचार सुरू करण्याचं धोरण आहे. आज बहुतेकांना दिवसाला एकच गोळी पुरते. मेंदूच्या दृष्टीने ही घाई फार मोलाची आहे, कारण विषाणू पहिल्या दिवसांतच तिथे गेलेला असतो.

एक लक्षात ठेवा. लागण झाल्यावर काही आठवडे नेहमीची चाचणी 'नाही' असंच सांगू शकते. म्हणून पहिला निकाल चांगला आला तरी डॉक्टर सांगतील तेव्हा, सर्वसाधारणपणे जोखमीच्या प्रसंगापासून तीन महिन्यांनी, पुन्हा तपासणी करावी. याच सुरुवातीच्या आठवड्यांत रक्तात विषाणू फार असतो आणि दुसऱ्याला लागण होण्याची शक्यताही अधिक असते. प्रसंग घडून ७२ तास झाले नसतील, तर लागण टाळणारी औषधं मिळू शकतात. जितक्या लवकर जाल तितकं बरं.

सरकारी रुग्णालयांतल्या समुपदेशन व चाचणी केंद्रांत ही तपासणी मोफत होते. १०९७ या क्रमांकावर विनाशुल्क माहिती मिळते. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू असलेल्या कायद्याने बाधित माणसाची माहिती त्याच्या संमतीशिवाय उघड करायला आणि त्याला नोकरीत, शाळेत वा दवाखान्यात वेगळं वागवायला मनाई केली आहे. कायदा त्याचं काम करील. आपण आपलं काम करावं. कुणी विसरू लागला, अडखळू लागला, तर त्याला हसू नये. त्याला सोबत करून दवाखान्यापर्यंत न्यावं.