द्यायची दाखवू की नेसायची?

कापडाच्या दुकानात पाऊल टाकणाऱ्या स्त्रीस आजकाल पहिला प्रश्न विचारला जातो तो हा. साडी सुती हवी की रेशमी, काठ रुंद की बेताचा, रंग कोणता, ही चौकशी मागाहून. आधी ठरावयाचे ते इतकेच की, घेणारी ती स्वतः नेसणार आहे, की दुसऱ्या कोणाच्या ओटीत घालणार आहे. नेसण्याच्या साड्या वरच्या फळीवर एकेक घडी जपून ठेवलेल्या असतात. देण्याच्या साड्यांचे गठ्ठे खाली, दोरीने बांधलेले, सारे एका मोलाचे. विचारणाऱ्यास आम्ही दोष देत नाही. त्याचे आणि गिऱ्हाइकाचे श्रम वाचावेत एवढाच बिचाऱ्याचा हेतु असतो. तथापि आपल्या कापडदुकानांतून माणसास मिळणारा आदर अगर अनादर कोठून उगम पावतो हे पाहू जाता, त्याचा माग याच प्रश्नापाशी लागतो असे आम्हांस वाटते. आणि तो माग काढावयास मुंबई-पुण्यापेक्षा जाफराबादसारखे लहानसे तालुक्याचे गावच अधिक सोयीचे. कारण तेथे दुकानदार व गिऱ्हाईक यांचे चेहरे परस्परांस दिसतात.

जाफराबाद हे पूर्णा आणि केळना या नद्यांच्या संगमावरील गाव. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा निराळा झाला, तेव्हापासून ते त्या जिल्ह्यात आहे. त्यापूर्वी औरंगाबाद जिल्ह्यात होते, आणि सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. वऱ्हाडची हद्द येथून जवळ. चिखली, देऊळगावराजा ही गावे तेव्हा इंग्रजी अमलाखालची. म्हणजे नातीगोती एका बाजूस आणि सरकार दुसऱ्या बाजूस, असा प्रकार. संस्थानात हाली शिक्का चालत असे व हद्दीपलीकडे कलदार; सात हाली रुपयांचे सुमारे सहा कलदार होत. बाहेरून येणाऱ्या मालावर करोडगिरी म्हणून शेकडा पाच जकात बसे. अशा हद्दीवरील मुलखात लुगड्याची किंमत सांगणे ही गोष्ट साधी नव्हती. कोणत्या नाण्यात, करोडगिरी धरून की वगळून, रोख की सुगीच्या बोलीवर, या साऱ्यांचा हिशेब एका वाक्यात सांगावा लागे. आणि तो सांगणारा विश्वासाचा असावा लागे.

जुन्या पेढीवजा दुकानाची गादी या विश्वासावर उभी होती. पांढरी चादर, लोड, तक्क्याला टेकलेला मालक, वहीखाते आणि समोर उलगडत जाणारी ठाणे. घरातील कर्त्या माणसाचे नाव वहीत असे, आणि त्या नावावर विधवा आत्याबाईपासून सासुरवाशिणीपर्यंत कोणीही कापड नेऊ शके. किंमत घासाघिशीने ठरे, पण त्या घासाघिशीत चार शब्दांची देवघेव होई. कोणाकडे मंगळागौर आहे, कोणाची मुलगी बाळंतपणाला आली आहे, हे दुकानदारास ठाऊक असे. या आठवणीने आमच्यापैकी पुष्कळांचे डोळे ओले होतात. परंतु त्या गादीवर कोणास बसवावयाचे आणि कोणास ओट्याखाली उन्हात उभे ठेवून लांबूनच कापड टाकावयाचे, हे जातीवरून ठरत असे, ही गोष्ट अश्रूंबरोबर वाहून जाऊ देणे बरे नव्हे. उधारीवरचे व्याजही वहीतच असे. ते न वाचता अंगठा देणारी कुळे कमी नव्हती. जुना दुकानदार आर्जवी होता हे खरे. पण ते आर्जव सर्वांच्या वाट्यास येत नव्हते.

एक भाव आणि किमतीची चिठ्ठी ही कल्पना आपल्याकडे बरीच उशिरा रुजली. पॅरिस येथील ‘बाँ मार्शे’ या दुकानात आरिस्तीद बुसिको हा गृहस्थ १८५२ मध्ये भागीदार झाला आणि त्याने तीन गोष्टी चालू केल्या. प्रत्येक वस्तूवर किंमत लिहावयाची. कोणीही आत यावे, पाहावे आणि काहीही न घेता जावे. आणि नापसंत वस्तू परत आणावी. एमिल झोला या फ्रेंच कादंबरीकाराने अशाच दुकानावर १८८३ साली एक सबंध कादंबरी लिहिली, इतका त्या काळी हा प्रकार नवलाचा वाटला. या तिन्ही गोष्टींचे मर्म एकच: श्रीमंताची बायको आणि तिची मोलकरीण या दोघींस एकाच मोलाने आणि एकाच रीतीने वस्तू मिळावी.

आमच्याकडे यांपैकी पहिली गोष्ट तेवढी आली. काचेची दारे आली, थंड हवा आली, चिठ्ठीवर किंमत आली. पण न घेता जाण्याची मुभा आणि परत आणण्याची मुभा या दोन दाराबाहेरच राहिल्या. पिशवी दाराशी ठेवावयाची, तिच्याबद्दल बिल्ला घ्यावयाचा, आणि मग एक नोकर चार पावलांवरून आपल्या मागे मागे हिंडणार. मदतीसाठी नव्हे, नजर ठेवण्यासाठी. वहीतील नाव गेल्यावर माणसाची पारख करावयास नोकराजवळ साधन उरले ते पायांतील वहाणांचे.

आमच्या ऐकण्यातील एक हकीकत येथे सांगण्याजोगी आहे. जाफराबाद तालुक्यातील एका खेड्यातील शेतकरीण बाई, वय साठीच्या घरात, मुलीच्या पहिल्या दिवाळसणाची साडी घेण्यास मोठ्या गावच्या एका दुकानात गेली. कापूस त्याच आठवड्यात विकला गेला होता आणि रोख रक्कम तिच्या कनवटीस होती. तिने वरच्या फळीवरील एका जांभळ्या साडीकडे बोट दाखविले. नोकर जागचा न हलता म्हणाला, “मावशी, ती महाग आहे. खालच्या गठ्ठ्यात बघा.” तिने पुन्हा दाखविले. त्याने किंमत सांगितली. साडी काही काढली नाही. बाई उठली आणि आठवडे बाजारात पालाखाली बसलेल्या एका विक्रेत्याकडून निराळीच साडी घेऊन परतली. तिला जी गोष्ट लागली ती महागाईची नव्हे. “मला ‘मावशी’ म्हणाला, आणि हात वर केला नाही,” एवढेच ती सांगत असे. नात्याचा शब्द तोंडात आणि हिशेब डोळ्यांत, हा नव्या दुकानातील बोलण्याचा मासला.

आता याच दुकानात लग्नाचा बस्ता घ्यावयास मंडळी येतात तेव्हाचा थाट पाहावा! बस्ता म्हणजे काय हे मराठवाड्यात तरी कोणास सांगावयास नको. दोन्ही पक्षांची वडील मंडळी, नवरीच्या मामी-काकू, वराकडील आत्याबाई व वन्सं, मुलांसकट पंधरा-वीस माणसे जीपगाड्या करून दुकानी उतरतात. शालूपासून मानपानाच्या टॉवेल-टोप्यांपर्यंत सारे एकाच ठिकाणी बांधावयाचे, म्हणून दुकानदार स्वतः गादीवरून उठून दाराशी येतो. चहा येतो, पोरांस थंड पेये येतात, कित्येक ठिकाणी जेवणाची पाने मांडतात. चार-चार तास घड्या मोडल्या जातात, आणि कोणी “हा नको” म्हटले तरी नोकराच्या कपाळास आठी पडत नाही. जाफराबादची मंडळी बस्त्यासाठी पुष्कळदा जालन्यास किंवा चिखलीस जातात. “जालना सोन्याचा पालना” ही म्हण त्या दिवशी तरी दुकानदाराच्या बाजूने खरी ठरते.

परंतु त्याच बस्त्यातील दहा साड्या नेसण्याच्या असतात आणि साठ देण्याच्या. देण्याच्या साडीविषयी आमच्या घरांतून जो व्यवहार चालतो, तो कोणी तरी एकदा उघडपणे लिहावयास हवा. ती साडी कोणी नेसणार नाही हे देणारीस ठाऊक असते, घेणारीस ठाऊक असते, आणि दुकानदारास तर दोघींहून अधिक ठाऊक असते. ती एका कपाटातून दुसऱ्या कपाटात, एका लग्नातून दुसऱ्या मुंजीत, घडी न मोडता प्रवास करते. आणि कधी कधी वर्षा-दोन वर्षांनी मूळ मालकिणीच्याच ओटीत परत येऊन पडते. जे वस्त्र कोणी उलगडणारच नाही त्याला मध्ये भोक असले काय, लांबीत अर्धा वार कमी असले काय, तक्रार येण्याचे भय नाही. अखेरीस ते जिच्यापाशी थांबते ती बहुधा घरातील भांडी घासणारी बाई असते. आणि ती खरोखरीच नेसावयास काढते तेव्हा पदर फाटका निघतो. सदोष माल खपविण्याची ही वाट दुकानदाराने एकट्याने पाडलेली नाही. आमच्या घरोघरच्या यादीवहीत ‘मोलकरीण, गडी, इतर’ अशी जी शेवटची ओळ असते, तेथपासून ती सुरू होते.

नोकराविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. सकाळी दुकान उघडल्यापासून रात्री दिवे मालवेपर्यंत तो, आणि आता पुष्कळ ठिकाणी ती, उभी असते. गिऱ्हाईक नसले तरी बसावयाचे नाही, हा अनेक दुकानांतील अलिखित नियम आहे; बसलेला नोकर मालकास आळशी दिसतो. केरळात कोळीकोड येथील बाजारातील विक्रेत्या स्त्रियांनी याविरुद्ध चळवळ केली. त्या राज्याने २०१८ मध्ये कायदा सुधारून दुकानातील नोकरांस बसण्याची सोय देणे मालकावर बंधनकारक केले. तामिळनाडूने २०२१ मध्ये तोच मार्ग धरला. बसावयास स्टूल मिळावे म्हणून विधिमंडळापर्यंत जावे लागावे, यावरूनच त्या दुकानांतील दिवस कसा जात असेल याची कल्पना यावी. शिवाय फळीवर पडून राहिलेला माल खपविल्यास चार पैसे अधिक मिळत असतील, तर आपल्याला हवे ते वस्त्र त्याच्या हाती सहसा येणार नाही. ज्याच्या पोटऱ्या दुखत आहेत आणि ज्याचे लक्ष जुन्या गठ्ठ्यावर आहे, त्याच्याकडून हसतमुखाची अपेक्षा करणारे आम्ही घरी आपल्या गड्याशी कसे बोलतो, हा प्रश्न बाजूस ठेवू.

पुष्कळ दुकानांत पैसे घेण्याच्या मेजावर गिऱ्हाईक हेच दैवत अशा अर्थाचे एक वचन महात्मा गांधींच्या नावाने चौकटीत लावलेले असते. गांधीजींच्या समग्र वाङ्मयात ते आढळत नाही. त्याच मेजावर जी पावती फाडली जाते तिच्या तळाशी मात्र ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हे वाक्य न चुकता छापलेले असते. हे वाक्य वाचून घरी परतणाऱ्या भगिनींस कायदा काय म्हणतो हे ठाऊक असावे. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा आला आणि तो २० जुलै २०२० पासून अमलात आला. पावती न देणे हीच त्या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरविली आहे. सदोष वस्तू परत घेऊन पैसे देण्यास, पावतीवर लिहिलेल्या मुदतीत आणि मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत, नकार देणे हीदेखील तशीच प्रथा होय. म्हणजे ते छापील वाक्य सदोष मालापुरते निरर्थक आहे. घरी आल्यावर रंग मनास आला नाही, हा मात्र दोष नव्हे. तेथे दुकानदाराच्या सौजन्यावरच भिस्त ठेवावी लागते.

दाद मागण्याची वाटही पूर्वीहून सुलभ झाली आहे. पुण्यास बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले, तेव्हा गिऱ्हाइकास हक्क असतात हे सांगणेच नवे होते. आता १९१५ या क्रमांकावर दूरध्वनी करून तक्रार नोंदविता येते. पुण्यास घेतलेल्या साडीविषयी जाफराबादच्या रहिवाशास जालना येथील जिल्हा आयोगापुढे जाता येते, आणि वस्तूचे मोल पाच लाख रुपयांच्या आत असल्यास फी पडत नाही. मात्र पक्की पावती हवी. कर वाचविण्यासाठी कच्च्या चिठ्ठीवर समाधान मानणाऱ्या गृहस्थांनी पुढे कायद्याचे नाव काढू नये हे बरे.

कापड पारखण्याच्या दोन-तीन रीती ज्या जुन्या बायकांस येत असत, त्याही सुनांस शिकविण्यासारख्या आहेत. सहावारी म्हणजे सुमारे साडेपाच मीटर आणि नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास; दुकानातच मोजून मागण्यात संकोच कसला? रेशीम म्हणून जे दाखवितात त्याच्या कडेचा एक धागा जाळून पाहावा. केस जळल्यासारखा वास येऊन राख चुरली तर रेशीम, आणि वितळून कडक मणी झाला तर कारखान्यातील कृत्रिम सूत. पैठण-येवल्याच्या हातमागावरील पैठणीचा पदर उलट करून पाहिला तर नक्षी मागूनही तशीच स्वच्छ दिसते. यंत्रमागावरील नकलेच्या पाठीशी धाग्यांचे लोंबते जाळे असते. पैठणीस २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, तरी त्या नावाने नकला राजरोस विकल्या जातात, आणि मागची बाजू दाखविण्यास काचकूच करणाऱ्या दुकानदाराचे उत्तर तेथेच मिळून जाते.

बस्त्याच्या साड्यांसंबंधी एक गोष्ट राहिली. देणारीच्या संमतीने जी वस्तू वापरते, तीही कायद्याच्या दृष्टीने ग्राहकच होय. पण पावती देणारीच्या कपाटात आणि साडी घेणारीच्या, अशी स्थिती असल्याने तीस दिवस सहज निघून जातात. यास्तव लग्नाची गडबड ओसरताच, सोळावा दिवस उलटण्यापूर्वी, साठांच्या साठ घड्या अंगणात मोडून पाहाव्यात, ज्या सदोष निघतील त्या पावतीसह परत पाठवाव्यात, आणि हे काम भांडी घासणाऱ्या बाईच्या साडीपासून सुरू करावे.