हशा आणि हसे

विनोदी नाटक बसवणे सोपे, असे आम्हां सगळ्यांचे मत होते. रडवायला कसलेला नट लागतो; हसवायला काय, कोणीही हसवील! त्यामुळे या वर्षीच्या स्नेहसंमेलनात एक संध्याकाळ तीन छोट्या विनोदी एकांकिकांची करायची ठरली, तेव्हा आम्ही अकरा जणांनी मोठ्या हौसेने नावे दिली. अडीच महिने तालमी चालल्या, प्रयोग झाला, लोक हसले. परंतु मधल्या काळात ‘हशा’ आणि ‘हसे’ हे दोन शब्द दिसायला जवळचे असले तरी त्यांत किती अंतर आहे, हे मला चांगलेच कळले. पुढच्या वर्षी जे विद्यार्थी असा कार्यक्रम बसवतील त्यांच्या उपयोगी पडावे, म्हणून जे शिकले ते क्रमाने सांगते.

प्रथम थोडा पूर्वेतिहास. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात रूपकाचे दहा प्रकार सांगितले आहेत, त्यांत प्रहसन हा एक आहे. म्हणजे हसवण्याचा खेळ हा काही टवाळांनी मागाहून काढलेला उद्योग नव्हे; त्याला शास्त्राने जागा दिलेली आहे. सातव्या शतकातील पल्लव राजा महेंद्रवर्मा याने ‘मत्तविलास’ नावाचे प्रहसन लिहिले. त्यात एका दारुड्या कापालिकाचे कवटीचे भिक्षापात्र हरवते. तो एका बौद्ध भिक्षूवर चोरीचा आळ घेतो, दोघांचे भांडण विकोपाला जाते, आणि शेवटी कळते की, आत मांस होते म्हणून ते पात्र कुत्र्याने पळवले होते. राजाने लिहिलेल्या या खेळात हसे होते ते धर्माचे सोंग घेणाऱ्यांचे, गरीब भिकाऱ्याचे नव्हे. ही गोष्ट वाचली तेव्हा मी तिच्याकडे फारसे लक्ष दिले नव्हते.

आपल्या मराठी रंगभूमीचा जन्म सांगलीचा. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी तेथे ‘सीतास्वयंवर’ केले. पुढे पौराणिक खेळ संपल्यावर छोटा ‘फार्स’ करण्याची पद्धत नाटक मंडळ्यांत पडली. देवादिकांचे गंभीर आख्यान पाहून झाले की लोकांना आपल्यासारखी माणसे रंगमंचावर पाहायची असत. याच काळात, १८५५ साली, जोतीराव फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ नाटक लिहिले. जोतीरावांचे मूळ गाव काटगुण हे आपल्याच सातारा जिल्ह्यातले. या नाटकात एक विदूषक आहे. भोळ्या कुणब्याला फसवणाऱ्या जोशीबुवाचे वागणे तो प्रेक्षकांपुढे उघडे करतो. तमाशाच्या वगातला सोंगाड्या हेच काम करतो. राजापुढे उभा राहून तो राजाचीच फिरकी घेतो. आषाढी वारीत माउलींची पालखी फलटणला मुक्कामाला येते, तेव्हा दिंड्यांतून नाथांची भारुडे होतात. त्यांतही सोंग असते आणि हशाही असतो, पण ऐकणारा शेवटी स्वतःकडेच पाहू लागतो.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळते. एकांकिका निवडताना आम्ही आधी पात्रे मोजली. राष्ट्रीय आंतरविद्यापीठ युवा महोत्सवात एकांकिकेला ३० मिनिटे व ९ कलावंत, तर प्रहसनाला १० मिनिटे व ६ कलावंत अशी मर्यादा असते. आपला कार्यक्रम स्पर्धेचा नव्हता, तरीही ही मापे धरून चालणे सोयीचे पडते. आम्ही तिन्ही एकांकिका वीस ते पंचवीस मिनिटांच्या ठेवल्या. पहिली लग्नाच्या बोलणीची, दुसरी एका खोलीच्या दोन भाडेकरूंची आणि तिसरी आम्हीच लिहिलेली, रेशनच्या दुकानातली. क्रमालाही महत्त्व आहे. पहिल्या खेळाच्या वेळी प्रेक्षक अजून जागा शोधत असतात, म्हणून तेथे धावपळीचा, ठसठशीत विनोद हवा. बारीक शब्दांचा खेळ मध्ये ठेवावा. जो खेळ लोकांनी घरी न्यावा असे वाटते तो शेवटी.

दोन एकांकिकांमध्ये नेपथ्य बदलायला वेळ लागतो आणि तेवढ्यात मागची मुले शिट्ट्या सुरू करतात. त्यावर उपाय म्हणून आम्ही पडद्यापुढे दिवाकरांची एकेक नाट्यछटा ठेवली. दिवाकर म्हणजे शंकर काशीनाथ गर्गे. त्यांनी १९११ पासून नाट्यछटा लिहिल्या. एकच पात्र बोलते, समोरचा माणूस आहे असे आपण समजायचे. ना टेबल लागते, ना खुर्ची. नेपथ्य तर आम्ही इतके कमी ठेवले की तिन्ही खेळांत तीच दोन बाकडी आणि तेच एक टेबल वापरले.

परवानग्यांचे काम कंटाळवाणे, पण टाळू नये. जाहीर प्रयोग करायचा तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावे लागते. लेखकाची परवानगी वेगळी. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांपर्यंत हक्क वारसांकडे राहतो. दिवाकर १९३१ साली वारले, त्यामुळे त्यांच्या नाट्यछटा आज कोणीही करू शकतो. आचार्य अत्रे १९६९ साली गेले. म्हणजे ‘मोरूची मावशी’तला प्रवेश करायचा तर २०२९ अखेरपर्यंत विचारल्यावाचून गत्यंतर नाही.

तालमी दुपारी तीन ते सव्वापाच. त्यापुढे थांबणे मला व आणखी तिघींना शक्य नव्हते, कारण आमच्या बाजूची शेवटची एस. टी. पावणेसहाला सुटते. मुलांना याचा राग येई. पण वेळ थोडा असल्यामुळेच पाठांतर घरून करून यायची सवय सगळ्यांना लागली, हे नंतर त्यांनीही मान्य केले.

विनोदाच्या तालमीत पहिला धडा मिळाला तो असा, की नटाने हसायचे नाही. ‘संशयकल्लोळ’ नाटक आपल्या परिचयाचे आहे. सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांचे हे नाटक मूळ मोलिएर या फ्रेंच नाटककाराच्या कथानकावरचे. त्यातल्या फाल्गुनरावाला आपला संशय अगदी खरा वाटत असतो. आपण विनोदी आहोत हे त्या बिचाऱ्याला ठाऊकच नसते, म्हणून तर आपण हसतो. नट स्वतःच गालात हसू लागला की प्रेक्षकांचे काम संपले.

दुसरा धडा थांबण्याचा. हशा लाटेसारखा वर चढतो आणि उतरू लागतो. तो चढत असताना पुढचे वाक्य बोलले तर ते वाहून जाते आणि पूर्ण विरेपर्यंत थांबले तर खेळ थंड पडतो. लाट उतरू लागली की बोलायचे. रिकाम्या वर्गात हशा कोठून येणार? म्हणून आम्ही एकाला टाळ्या वाजवायला बसवले. त्याने मनाला येईल तेथे वाजवायच्या आणि आम्ही थांबायला शिकायचे. तिसरा धडा हालचालीचा: एकाचे हशाचे वाक्य चालू असताना दुसऱ्याने साधा रुमालही खिशातून काढू नये. नजर तिकडे जाते आणि वाक्य वाया जाते.

आता माझ्या भूमिकेविषयी. तिसऱ्या एकांकिकेत मी रेशनला आलेली म्हातारी होते. दुकानात अंगठा लावायचे यंत्र असते. म्हातारीचे बोट यंत्र ओळखत नाही, म्हणून धान्य मिळत नाही, एवढीच गोष्ट. ही भूमिका मला का मिळाली, ते उघड होते. “तुझी भाषा अस्सल आहे,” असे सगळे म्हणाले. घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. गेली दोन वर्षे वर्गात बोलताना ‘न्हाय’चे ‘नाही’ करण्यात माझा अर्धा जीव जात होता. आणि आता त्याच ‘न्हाय’ला, ‘मिशीन’ला आणि ‘इंट्रानेट’ला तालमीत हशा पिकू लागला. मला बरे वाटले, हे खोटे कशाला सांगू? मी आणखी चार शब्द वाढवले.

एके दिवशी संध्याकाळी आई भाकरी थापत होती, तिला मी सगळे काम करून दाखवले. आई पहिल्यांदा हसली. मग तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, “लई झ्याक करतीस की गं. पण ह्यात लोकांनी हसायचं कुणाला? त्या म्हातारीला का त्या मिशीनला?”

मी काहीतरी उत्तर दिले. आई म्हणाली, “श्रावणात मला दोनदा परत लावलं, तवा तू व्हतीस की संगं.”

होते. आई रोजाने खुरपायला जाते. माती, पाणी, खुरप्याची मूठ यांत बोटांवरच्या रेषा झिजतात आणि झिजलेल्या रेषा यंत्राला वाचता येत नाहीत. त्या दिवशी रिकामी पिशवी घेऊन आम्ही दोघी परत आलो, तेव्हा मला हसू आले नव्हते. त्याच प्रसंगावर मी आता हशा घेत होते, आणि तोही प्रसंगावर नव्हे, आईच्या तोंडच्या शब्दांवर!

दुसऱ्या दिवशी मी हे तालमीत सांगितले. थोडा वाद झाला. हशे कमी होतील, ही भीती खरी होती. अखेर एका मुलाने तोड काढली: “म्हातारी आहे तशीच बोलू दे, फक्त बाकीची रांगही तशीच बोलू दे.” आम्ही तसे करून पाहिले. रांगेतले सगळे आमच्या गावचे बोलू लागले आणि एकटा दुकानदार परिपत्रकातल्या मराठीत बोलू लागला. “लाभार्थ्याची ओळख प्रमाणित होत नाही,” असे तो म्हातारीच्या तोंडाकडे पाहून म्हणे, आणि ती त्याच्या सख्ख्या आत्याची जाऊ! एकही शब्द न वाढवता हशा जागा बदलून त्याच्याकडे गेला. शब्द मुळात हास्यास्पद नसतो. नाटक कोणाच्या घरात बसून लिहिले आहे, त्यावर कोण विचित्र दिसणार ते ठरते, असे मला यातून वाटले.

युवा महोत्सवाच्या नियमांतही प्रहसनात बोचरे टोमणे नसावेत, विनोद निर्मळ असावा, अशी अपेक्षा आहे. पूर्वी मला तो नियम मिळमिळीत वाटे. पण निर्मळ म्हणजे कोणालाच न बोचणारा, असा अर्थ घेतला तर मत्तविलासही बाद होईल. ज्याच्या हातात काहीच नाही त्याला बोचू नये, असा अर्थ मी घेते.

प्रयोगाच्या दिवशी गावाकडून एक टेम्पो भरून बायका आल्या, त्यांत आई होती. आमचे यंत्र पुठ्ठ्याच्या खोक्याचे होते आणि विंगेत बसलेला मुलगा मोबाइलवरून त्याचा आवाज काढणार होता. ऐन वेळी मोबाइल बंद पडला. म्हातारीने बोट लावले, सगळे शांत. दुकानदाराने क्षणभर वाट पाहिली आणि अगदी गंभीर चेहऱ्याने स्वतःच तोंडाने “टूं” असे म्हटले. संध्याकाळचा सगळ्यांत मोठा हशा तोच. चूक लपवू नये, ती खेळातच घ्यावी, हा चौथा धडा आयता मिळाला. पुढे दहाही बोटे झाल्यावर म्हातारी विचारते, “आता पायाचा लावू का?” त्यावर आधी हसल्या त्या मागच्या बायका, शहरातल्या मुली नंतर. तिसऱ्यांदा दुकानदार म्हणतो, “आजी, हात स्वच्छ धुऊन या.” म्हातारी म्हणते, “धुऊन धुऊनच तर गेल्यात रं, बाळा.” येथे हशा येईल की नाही, यावर आम्ही तालमीत पैज लावली होती. कोणीच हसले नाही. मी ठरल्याप्रमाणे थांबले आणि ती शांतता उतरू लागल्यावर पुढचे वाक्य बोलले.

आईने प्रयोगाविषयी फारसे काही म्हटले नाही. “आवाज मागपातूर येत व्हता,” एवढेच म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी कांद्याच्या रानात मुकादम हजेरी घेऊ लागला, तेव्हा प्रत्येक बाई नावाला “हजर” म्हणायच्या ऐवजी “टूं” म्हणाली, आणि मुकादमही हसला, असे तिने मला रात्री जेवताना सांगितले.