आठ तासांची मुंबई, सव्वा लाख पावलांची वणी

चैत्र लागला की वणी-नांदुरीचा रस्ता माणसांनी भरून जातो. धुळे, जळगाव, नंदुरबारहून पायी निघालेली ही माणसं. कित्येकांची चाल शंभर किलोमीटरच्या पुढची. माणसाचं एक पाऊल पाऊण मीटरचं धरलं, तर शंभर किलोमीटरला होतात सव्वा लाखाहून अधिक पावलं. एवढं चालून सप्तशृंगी गडावर पोचायचं, पाचशेच्या आसपास पायऱ्या चढायच्या, गर्दीतून पुढे सरकत अठरा भुजांच्या देवीसमोर क्षणभर उभं राहायचं आणि परत फिरायचं.

याच महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर दुसरे पाहुणे येतात, क्रूझचे. मुंबईत सप्टेंबर 2025 मध्ये नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन झालं. वर्षाला 10 लाख प्रवासी सामावतील आणि एका वेळी पाच जहाजं लागतील, एवढी त्याची क्षमता. आकडा मोठा वाटतो ना? मग मुंबईची लोकल आठवा. तिच्यातून रोज 70 लाखांच्या घरात प्रवास होतात. टर्मिनलची वर्षाची क्षमता लोकल सरासरी साडेतीन तासांत गाठते.

आता जहाजाचा आकार घ्या. जगातल्या सर्वांत मोठ्या क्रूझ जहाजांपैकी एक म्हणजे ‘आयकॉन ऑफ द सीज’. ते मुंबईला येत नाही, कॅरिबियन समुद्रात फिरतं. पण मापाला उपयोगी आहे. लांबी 365 मीटर. 26 मीटर उंचीचे चौदा गेटवे ऑफ इंडिया एकावर एक रचले, तर तेवढी उंची होईल. मजले वीस, प्रवासी जास्तीत जास्त 7,600. आणि गर्दीच्या वेळी बारा डब्यांच्या एका लोकलमध्ये साडेचार हजारांवर माणसं असतात! म्हणजे या अजस्र जहाजाचे सगळे प्रवासी दोन लोकलमध्ये मावले असते. दारात लटकून, हे खरं. पण ठाण्याचा माणूस रोज तसाच जातो.

मला मात्र जहाजापेक्षा त्या प्रवाशाच्या हातातला वेळ जास्त चक्रावून टाकतो. समजा, जहाज सकाळी आठला धक्क्याला लागलं आणि संध्याकाळी सहाला सुटणार आहे. उतरण्यात, कागदपत्रं तपासण्यात एक तास गेला. सुटण्याआधी तासभर परत चढायला हवं. उरले आठ तास, म्हणजे 28,800 सेकंद. 2011 च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या होती 1 कोटी 24 लाख 42 हजार 373. प्रत्येकाकडे एकेक सेकंद बघायचं म्हटलं, तर न झोपता 144 दिवस लागतील. आठ तासांत हजारातली जेमतेम दोन माणसं बघून होतात. घारापुरीच्या लेण्यांना जायचं ठरवलं, तर बोटीचाच तास जायला आणि तास यायला. वर 120 पायऱ्या. तरी मी म्हणेन, जावंच. वीस फुटांच्या त्या त्रिमुखी शिवासमोर घालवलेला तास बसच्या काचेतून पाहिलेल्या दहा इमारतींपेक्षा मोलाचा आहे.

आणि ऊन. एक लिटर घाम अंगावर पूर्ण वाळला, तर तो सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. एवढ्या उष्णतेत 20 अंशांचं सात लिटर पाणी उकळीला येईल! मुंबईच्या दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. अंगातलं पाणी जातं आणि गारवा मिळत नाही. थंड मुलखातून आलेला पाहुणा दुपारपर्यंत गळून जातो तो म्हणूनच. पण त्याची वातानुकूलित बस बाहेर उभी असते.

वणीच्या वाटेवर, खानदेशातल्या कोरड्या उन्हात उलटं होतं. तिथे घाम दिसायच्या आत वाळतो. शरीर गार राहतं, म्हणून चालणाऱ्याला आपण किती पाणी गमावलं ते कळतच नाही. चाळिशीच्या वरच्या उन्हात दर तासाला लिटरभर पाणी सहज जाऊ शकतं. डोकं दुखतं, पाय भेंडाळतात, तेव्हा उशीर झालेला असतो. आणि त्याच्यासाठी बस उभी नसते. 2018 पासून गडावर फ्युनिक्युलर ट्रॉली आहे, ती शेवटच्या पायऱ्या वाचवते. पण सव्वा लाख पावलं त्याआधीच पडून गेलेली असतात.

चैत्रात कळवण, देवळा किंवा वणीच्या रस्त्याने गाडी नेणार असाल, तर पाण्याचे दोन जार सोबत ठेवा. चिमूटभर मीठ आणि साखरेच्या पुड्याही घ्या. कडेने कुणी चालताना दिसलं तर थांबा आणि पाणी द्या. त्याने मागायची वाट पाहू नका. त्याला तहान लागल्याचं अजून कळलेलं नसेल.