खरे धन कोठे असते?

आमच्या गुरुजींनी एकदा वर्गात विचारले, "मुलांनो, श्रीमंत कोणाला म्हणावे?" कोणी म्हणाले, ज्याच्याकडे ट्रॅक्टर आहे तो. कोणी म्हणाले, ज्याचे माडीचे घर आहे तो. मी म्हणाले, ज्याच्या विहिरीला बारमाही पाणी आहे तो. गुरुजी हसले आणि त्यांनी आम्हाला बाबा आमटे यांची गोष्ट सांगितली.

बाबांचे पूर्ण नाव मुरलीधर देवीदास आमटे. त्यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे झाला. घर जमीनदाराचे. फिरायला मोटार होती. पुढे ते वकील झाले. पैसा मिळत होता, पण त्यांचे मन त्यात रमेना.

एकदा पावसात त्यांना रस्त्याच्या कडेला एक माणूस पडलेला दिसला. त्याचे नाव तुळशीराम. त्याला कुष्ठरोग झाला होता. बोटे झडली होती, जखमांत किडे पडले होते. ते पाहून बाबा घाबरले आणि घरी पळाले. मला फार नवल वाटले. एवढे मोठे बाबा, आणि तेसुद्धा पळाले! पण घरी त्यांना चैन पडेना. ते परत गेले. त्याला खाऊ घातले, त्याची सेवा केली. मग कलकत्त्याला जाऊन या रोगावरचे उपचार शिकून आले.

१९४९ साली बाबांनी वरोऱ्याजवळ आनंदवन सुरू केले. तेव्हा त्यांच्याजवळ फक्त १४ रुपये, एक लंगडी गाय आणि सहा रोगी होते. सोबत पत्नी साधनाताई आणि दोन लहान मुले. जमीन खडकाळ, सगळीकडे जंगल. तेथे त्यांनी विहीर खणली, शेती केली. भीक मागण्यापेक्षा कष्ट करून खावे, असे बाबा सांगत. ज्यांना गावाने हाकलून दिले होते, ते स्वतः पिकवून खाऊ लागले. १९८५ साली बाबांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ९ फेब्रुवारी २००८ रोजी आनंदवनातच ते वारले.

आता या रोगाची माहिती सांगते. पुष्कळ लोकांना वाटते की हा देवाचा कोप आहे किंवा मागल्या जन्माचे पाप आहे. ते खोटे आहे. कुष्ठरोग जंतूमुळे होतो. नॉर्वे देशातील डॉ. हॅन्सन यांनी १८७३ साली तो जंतू शोधून काढला. तो चामडीच्या आतल्या नसा बिघडवतो, म्हणून तेथे बधिरपणा येतो. चटका बसला, काटा मोडला तरी कळत नाही. जखम चिघळते आणि बोटे जातात. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा आला आणि तेथे टोचलेले कळले नाही, तर लपवू नये. सरकारी दवाखान्यात जावे. औषध फुकट मिळते. ६ किंवा १२ महिने नेमाने घेतले की रोग बरा होतो. नुसता हात लावल्याने तो होत नाही.

आमच्या वस्तीवर एक आजोबा आहेत. त्यांचा रोग कधीच बरा झाला, पण बोटे वाकडीच राहिली. त्यांना हापशाचा दांडा नीट धरता येत नाही. आम्ही पोरं त्यांना पाहिलं की लांबनं पळायचो. गोष्ट ऐकल्यावर दुसऱ्या दिवशी मी हापशावर गेले, पण भीती वाटली म्हणून तशीच परत आले. तिसऱ्या दिवशी त्यांची कळशी भरून दिली. आजी रागावली, "त्येंच्या भांड्याला शिवू नगंस!" मग नर्सबाई घरी आल्या तेव्हा मी त्यांना आजीसमोरच विचारले. त्या म्हणाल्या, "आजी, ते बरे झालेत. काही होत नाही." आजी काही बोलली नाही. पण संक्रांतीला तिने माझ्याजवळ त्यांच्यासाठी तिळगूळ दिला.

आजोबा तो हातात घेऊन किती तरी वेळ बसून राहिले. मग म्हणाले, "बाळ, लई वर्सांनी कुणी हातावर तिळगूळ ठेवला गं." त्या दिवशी मला आतून फार बरे वाटले. ते कसे ते सांगता येत नाही. बाबा मोटार सोडून त्या खडकाळ माळावर का राहिले, ते मला तेव्हा थोडे समजले. पैसा दिला की आपल्याजवळचा कमी होतो. पण हे धन दिले तरी सरत नाही, आणि चोराला ते नेता येत नाही.

मित्रांनो, उद्यापासून कळशी भरायला माझ्याबरोबर कोण येणार? आणि आज शाळेत आलेल्या आईवडिलांना माझी विनंती आहे, आम्हाला अडवू नका.

— इयत्ता ४ थीतील एक विद्यार्थिनी