स्वस्त रिव्हॉल्व्हर : भरोसा किती, हिशेब किती?

आपल्या सक्करदऱ्यातून उमरेड रोडने आठवडी बाजार करणारे कापडवाले, गांधीबाग-इतवारीत वसुलीसाठी फिरणारे दलाल, रात्री उशिरा गल्ला मोजून घरी निघणारे किराणा व्यापारी या सगळ्यांच्या तोंडी एक प्रश्न हमखास असतो. "भाईजान, एखादे रिव्हॉल्व्हर घेऊन टाकावे का?" कुठे लुटीची बातमी आली की हा प्रश्न जोर धरतो. मग परवान्याची चौकशी सुरू होते आणि शेवटी विचारले जाते, सर्वांत स्वस्त कोणते आणि ते वेळेवर चालते का? या पानावर आपण यंत्रमागापासून वजनकाट्यापर्यंत अनेक मालाची पारख केली आहे. हा मालही त्याच नजरेने पाहायला हवा, कारण येथे पारख चुकली तर नुकसान फक्त पैशाचे होत नाही.

आपल्याकडे 'स्वस्त' म्हणजे काय?

सामान्य नागरिकांसाठी परदेशी शस्त्रांची आयात 1980 च्या दशकाच्या मध्यापासून बंद झाली. त्यामुळे जुन्या विलायती रिव्हॉल्व्हरचे भाव आकाशाला भिडले. ज्याला परवाना मिळाला पण लाखो रुपये ओतायचे नाहीत, त्याच्यापुढे मुख्यतः कानपूरच्या सरकारी कारखान्यांचे .32 बोअरचे रिव्हॉल्व्हर उरले. आराखडा मूळचा इंग्रजांच्या वेब्ली धाटणीचा. खटका दाबला की नळी पुढे झुकते, मागचा भाग उघडतो आणि सहाही रिकामी काडतुसे एकदम बाहेर पडतात. 2014 साली कानपूरहूनच 'निर्भीक' आले. महिलांसाठी म्हणून त्याची जाहिरात झाली, वजन सुमारे 500 ग्रॅम आणि किंमत सुरुवातीलाच सव्वा लाखाच्या आसपास. 2021 साली आयुध निर्माणी मंडळ मोडून सरकारने सात कंपन्या केल्या. त्यांपैकी 'यंत्र इंडिया' या कंपनीचे मुख्यालय आपल्याच नागपुरात अंबाझरीला आहे. रिव्हॉल्व्हरचे काम मात्र कानपूरच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया'कडे गेले. या कंपनीने 2023 मध्ये 'प्रबल' बाजारात आणले. ते मधून मोडत नाही, त्याची काडतुसांची फिरकी बाजूला निघते. वजन 700 ग्रॅम आणि मारा 50 मीटरपर्यंत असल्याचे कंपनी सांगते. याशिवाय वेब्ली अँड स्कॉट या इंग्रजी नावाचे रिव्हॉल्व्हरही 2020 पासून उत्तर प्रदेशातील हरदोई जिल्ह्यात बनू लागले आहे.

म्हणजे आपल्या देशात कायदेशीर रिव्हॉल्व्हर 'स्वस्त' असले तरी छोट्या दुकानदाराच्या कित्येक महिन्यांच्या कमाईएवढे पडते. कुणी यापेक्षा स्वस्त सांगत असेल तर तो देशी कट्टा समजावा. त्याला हात लावणेही गुन्हा आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर बिनपरवाना शस्त्र बाळगल्यास साधारणपणे किमान दोन वर्षांची कैद आहे, आणि बनविणाऱ्या-विकणाऱ्यास किमान सात वर्षे ते जन्मठेप. शिवाय तो हातातच फुटण्याची भीती वेगळी.

मालकांचे अनुभव

माझ्या ओळखीच्या परवानाधारक व्यापाऱ्यांशी या निमित्ताने बोललो. नावे देत नाही.

पहिले, कापडाचे ठोक व्यापारी. रिव्हॉल्व्हर नवे घेतलेले. त्यांची तक्रार चाप फार जड असल्याची. घोडा आधी मागे ओढून चाप दाबला तर नेम बरा लागतो, पण सरळ चापच ओढायचा म्हटले तर बोटाला इतका जोर लागतो की नळी हलते आणि गोळी भलतीकडे जाते. रिव्हॉल्व्हर बिघडलेले नाही, प्रत्येक वेळी वाजते. पण घाबरलेल्या माणसाच्या हातून ते नेमके कुठे वाजेल, याचा भरोसा त्यांना स्वतःलाच नाही.

दुसरे, लाकडाच्या धंद्यातले. यांनी रीतसर, परवान्यावर नोंद करून जुने रिव्हॉल्व्हर घेतले. ते मधून मोडणारे होते. वर्षानुवर्षे झटक्याने उघडझाप झाल्यामुळे बिजागरी आणि वरचा खटका ढिला पडला होता. बंद केल्यावरही नळी किंचित हलत होती. अशा रिव्हॉल्व्हरमध्ये फिरकीचे घर आणि नळीचे तोंड अचूक समोरासमोर येत नाही. त्यांनी परवानाधारक कारागिराकडून मरम्मत करून घेतली, तेव्हा काम भागले. सौद्याच्या वेळी बचत झाली ती रक्कम पुढे मरम्मतीत गेली.

तिसरे, धान्याचे आडतिया. यांचे रिव्हॉल्व्हर चामड्याच्या म्यानात, तिजोरीत, कित्येक वर्षे पडून. सरावाला नेले तर सहापैकी दोन काडतुसे फुटलीच नाहीत. त्यांनी शस्त्रालाच दोष दिला. जाणकाराने नवी काडतुसे भरून दिली तेव्हा सहाही वाजली. जुन्या काडतुसांवर तेल ओघळले होते, आणि तेल टोपीत शिरले की दारू पेट घेत नाही. चामडे ओलावा धरते, त्यामुळे नळीवर गंजाचे ठिपकेही होते. नागपूरच्या 45 अंशांच्या उन्हाळ्यात तेल वाळून चिकट होते आणि मग पावसाळ्याची दमट हवा येते. येथे लोखंडी वस्तू नुसती ठेवून दिली की ती बिघडलीच.

या तिन्ही अनुभवांतून निघते ते असे. रिव्हॉल्व्हरची रचना मुळात साधी आणि भरवशाची. एखादे काडतूस फुटले नाही तरी चाप पुन्हा ओढताच पुढचे घर समोर येते. स्वस्त मालात फरक पडतो तो कामाच्या सफाईत, चापाच्या जडपणात आणि जोडाच्या घट्टपणात. आणि मालकाच्या हलगर्जीपणामुळे होणारा बिघाड किमतीवर अवलंबून नसतो.

घेताना काय पाहावे

विक्रेत्यासमोर, रिकामे असल्याची दोनदा खात्री करून, पुढील गोष्टी तपासाव्यात. बंद केल्यावर नळी किंवा फिरकी डुगडुगते का? घोडा मागे ओढल्यावर प्रत्येक घर आपल्या जागी येऊन ठाम थांबते का? मधून मोडणारे असेल तर खटका पूर्ण बसतो का? नळीत उजेड धरून पाहिल्यास खड्डे दिसतात का? नंबर आणि कागद जुळतात का?

वापरताना दोन गोष्टी ध्यानात असाव्यात. काडतूस वाजले नाही तर लगेच उघडू नये. नळी निर्धोक दिशेला धरून अर्धा मिनिट थांबावे, कारण कधी कधी बार उशिरा होतो. आणि आवाज फुसका आला तर पुढची गोळी मुळीच झाडू नये. पहिली नळीतच अडकलेली असेल तर दुसरीने नळी फाटते.

खर्चाचा पूर्ण हिशेब

व्यापारी माणूस किंमत विचारतो, पण मागाहून येणारे खर्च विसरतो. नागपूर शहरात परवाना पोलिस आयुक्तांकडून मिळतो. अर्ज, चौकशी, जबाब या सगळ्यांत वेळ जातो. 2016 च्या नियमांप्रमाणे शस्त्र सुरक्षित हाताळण्याचे प्रशिक्षण घ्यावे लागते. पूर्वी परवाना तीन वर्षांचा असे, 2019 च्या दुरुस्तीनंतर तो पाच वर्षांचा झाला. किती काडतुसे ठेवायची हे परवान्यावर लिहिलेले असते. निवडणुका आल्या की शस्त्र जमा करण्याची पाळी येऊ शकते. मुनीमाच्या किंवा मुलाच्या हाती शस्त्र देता येत नाही, त्यासाठी परवान्यावर वेगळी नोंद लागते. मालक वारला तर शस्त्र आपोआप वारसाचे होत नाही, त्याला रीतसर अर्ज करावा लागतो. लग्नात हौसेने हवेत बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. आपल्या वरातींत ही हौस अजून दिसते, म्हणून मुद्दाम लिहिले.

त्याहून मोठी गोष्ट, गोळी केव्हा झाडता येते ही. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. स्वसंरक्षणाचा हक्क तिच्यात 34 ते 44 या कलमांत आहे. दरोडा, रात्रीची घरफोडी, जीव जाण्याची रास्त भीती अशा प्रसंगी हा हक्क मोठा आहे, पण गरजेपेक्षा जास्त इजा करण्याची मुभा नाही. थैली हिसकावून पळणाऱ्या पोराच्या पाठीत गोळी घातली तर थैलीवाल्यालाच कोर्टाची पायरी चढावी लागेल. आणि लूट बहुधा होते कशी? मागून मोटारसायकल येते, थैली जाते, दोन सेकंदांत सारे संपते. कमरेचे रिव्हॉल्व्हर कमरेलाच राहते. तेही हिसकावले गेले तर चोराच्या हाती आपण हत्यारच दिले.

कुणाला वाटेल, स्वस्त हत्यार कमी घातक असते. 1981 साली अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांच्यावर हल्ला झाला तो एका स्वस्त .22 रिव्हॉल्व्हरने. सहा गोळ्या झाडल्या गेल्या आणि अध्यक्षांसह चार माणसे जखमी झाली. त्या देशाने अशा हलक्या पिस्तुल-रिव्हॉल्व्हरच्या आयातीवर 1968 सालीच कायद्याने बंधने घातली होती, तरी ते घडले. घरात लेकरे असतील तर कुलूपबंद तिजोरी, काडतुसे वेगळी आणि किल्ली आपल्याजवळ, यात तडजोड नको. हत्यार गमतीतही भावाकडे रोखू नये, ही तर आपल्या हुजूरांची ताकीद आहे.

आधी रोकड कमी करा

धोका आहे तो रोकडीला. 2016 साली यूपीआय आले, 2017 पासून एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेण्यास आयकर कायद्याने मनाई झाली. तरी आपल्यातले कित्येक जण अजून आठवड्याची वसुली थैलीत घेऊन एकाच वेळी, एकाच रस्त्याने निघतात. वेळ बदला, रस्ता बदला, दोघे मिळून जा. जमेल तेवढी रक्कम बँकेतून वळती करा. दुकानात कॅमेरा आणि जमिनीत पक्की बसवलेली तिजोरी ठेवा. रोकड नेताना होणाऱ्या लुटीचा विमाही मिळतो. त्याबद्दल ज्यांच्या मनात शरीअतचा सवाल असेल त्यांनी आपल्या आलिमांना विचारून निर्णय घ्यावा. उंट बांधून मग तवक्कुल करण्याची जी शिकवण आपल्याला मिळाली आहे, ती येथे तंतोतंत लागू पडते.

हे सर्व करूनही ज्याच्या जिवाला खरोखर धोका आहे, त्याने जरूर अर्ज करावा. ऐपतीत बसणारे नवे रिव्हॉल्व्हर घ्यावे, दरवर्षी अधिकृत ठिकाणी सराव करावा, काडतुसे वेळेवर बदलावीत आणि पावसाळ्याआधी व नंतर एकदा तरी ते जाणकाराला दाखवावे. ज्याला एवढी सवड नाही, त्याने तेच दीड लाख दुकानाच्या मालात घालावेत.

— एक कापड व्यापारी, सक्करदरा (नागपूर)